ग्रहणातलं वांगं

सपना मलावीला चालली आहे हे कळल्यावर बेला गावातल्या निम्म्या लोकांनी मलावी म्हणजे हैदराबादच्या पुढचं एखादं स्टेशन असेल असं धरलं, आणि उरलेल्यांनी ती ख्रिस्ती होऊनच परत येणार हे ठरवून टाकलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. सपना मात्र एकदा मनात घेतलं की मागे हटणाऱ्यांतली नव्हती. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका मिशन दवाखान्यात ती नर्स होती. तिथलं पथक जन्मतः फाटलेले ओठ शिवायला आफ्रिकेतल्या त्या देशात निघालं होतं, आणि त्यात आपलं नाव घाला म्हणून तिनं स्वतःच हट्ट धरला होता. तिच्या वरच्या ओठावर नाकापर्यंत गेलेला एक बारीक व्रण होता. ती रांगायलाही लागली नव्हती तेव्हा मिशनच्याच शिबिरात तिचा ओठ शिवला होता.

पथकाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "सकाळच्या प्रार्थनेला उभी राहशील?"

"राहीन बाई. पण नाव माझ्या देवाचं घेईन."

"तू उभी राहा. बाकीचं तो बघेल," बाई हसून म्हणाल्या.

वडिलांना, चंपतरावांना, लोक चहाच्या टपरीवर गाठून विचारायचे, पोरगी हातची गेली समजायची का? चंपतराव भाजीचे वाफे राखणारा गरीब माणूस, पण त्या दिवसांत त्यांचाही आवाज चढला. "पोरीचा ओठ शिवला तवा त्यायनं आमची जात इचारली नाई. आता मी कायले इचारू?"

अडून बसली ती आई, प्रयागबाई. तिची अडचण धर्माची नव्हतीच.

सपना पोटात असताना सूर्यग्रहण लागलं होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये हे शेंबडं पोरही जाणतं, आणि प्रयागबाईनं त्या दिवशी वांगी चिरली. पोरगी फाटक्या ओठाची झाली. मग काय, सासूला जन्मभराचा विषय मिळाला. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर ही गोष्ट यायची. सासू गेली, पण गोष्ट गावाला देऊन गेली. कोणाच्या डोहाळजेवणाला प्रयागबाई गेलीच, तर तिला नकळत मागच्या रांगेत बसवत. ती कधी कोणाला उलटून बोलली नाही. बाजारात वांगी विकायची, पण घरात वांगं शिजवायची नाही. सपनाला या गप्प बसण्याचा लहानपणापासून फार राग यायचा.

"तिथं साऱ्या बाया तुयं तोंड पाहतीन," प्रयागबाई म्हणाली. "इचारतीन, कायनं झालं? तू सांगशीन, मायनं ग्रहणात वांगं चिरलं. इथं ऐकून ऐकून कान किटले माये. आता आफ्रिकेत बी कायले?"

"नाई सांगत."

"माई आन घे."

सपनानं आण घेतली, तेव्हा कुठे बॅग भरली गेली.

मलावीतला दवाखाना म्हणजे लांब बैठी इमारत आणि पुढे लाल मातीचं अंगण. अंगणात बाया पाठीशी लेकरं बांधून बसलेल्या. सपना सकाळी सगळ्यांबरोबर उभी राहून डोळे मिटायची, मनातल्या मनात आपल्या देवाला हाक मारायची आणि कामाला लागायची. भूल उतरेपर्यंत लेकरू सांभाळणं हे तिचं काम. शिवलेला ओठ पहिल्यांदा पाहून आया रडायच्या, तेव्हा तिलाही रडू यायचं आणि ती ते लपवायची नाही.

लिनेस नावाच्या एका बाईचं काम मात्र अडलं. भूल द्यायची म्हणून लेकरू सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, नंबर आला, आणि लिनेस त्याला पाठीशी बांधून चालू लागली. सपना तिच्या मागे धावली. तिथली नर्स ग्रेस हिला इंग्रजी येत होतं. तिनं मध्ये पडून लिनेसकडून सगळं विचारून घेतलं. गरोदरपणी लिनेस कोणाच्या तरी व्यंगाला हसली होती. सासू म्हणते, ही त्याची शिक्षा आहे. ओठ शिवून ती चुकवशील तर पुढच्या लेकरावर येईल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जबरदस्ती करता येत नाही." दुसऱ्या दिवशी पथक परतणार होतं. आज हे लेकरू परत गेलं असतं, तर फाटक्या ओठानंच गेलं असतं.

सपनानं लिनेसचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं आणि तिचं बोट आपल्या ओठावर ठेवलं. लिनेस किती तरी वेळ तो व्रण चाचपत राहिली. मग तिनं ग्रेसकरवी विचारलं, "तुझ्या आईनं काय केलं होतं?"

झाली का पंचाईत! काही नाही केलं म्हणावं तर ती कशाला विश्वास ठेवेल? आणि खरं सांगावं तर आण मोडते. सपनानं फोन काढला आणि सरळ आईला व्हिडिओ कॉल लावला.

प्रयागबाई भर बाजारात भाजी मांडून बसली होती. सपनानं सगळं सांगितलं. "तुई आन हाय, म्हून तुलेच इचारतो. सांगू का?"

तेवढ्यात कोणी तरी प्रयागबाईला मेथीचा भाव विचारला, त्याला तिनं हातानंच थांबवलं. "लेकरू दाखव," ती म्हणाली. सपनानं फोन फिरवला. भुकेनं रडून दमलेलं ते तोंड तिनं नीट पाहिलं.

"तू राहू दे. मी सोता सांगतो. हो, मी चिरलं. ग्रहण हाय हे मले ठावं होतं. भूक लागली होती." सपनानं ते इंग्रजीत सांगितलं, ग्रेसनं पुढे तिच्या भाषेत. "पण म्या एकटीनं नाई चिरलं. माई जाऊ रुख्मिणी संगच बसली होती. थे बी पोटुशी. अर्धी वांगी तिनं चिरली. तिच्या प्रज्वलचा ओठ पाहा म्हणा, हिरोवानी हाय."

सपना भाषांतर करायचं विसरली. "काकूनं बी? माय, मंग तू आजीले सांगितलं काऊन नाई?"

"तू झाली तवा तिचे दिवस भरत आले होते. तुयं तोंड पाहून थे रडरड रडे. म्हटलं, एकीच्या डोक्यावर आलं तेवढं पुरे. मंग प्रज्वल चांगला झाला, अन् मले कोणं इचारलंच नाई. सांग तिले, शिक्षा असती तं दोघीले भेटली असती."

ग्रेसनं सांगितलं. लिनेसनं खाली मान घालून ऐकलं, आणि मग तिचा खरा प्रश्न आला. "मुलीचा ओठ शिवल्यावर पुढचं मूल कसं झालं?"

"हिच्या पाठचा चंदन? साबूत हाय," प्रयागबाई म्हणाली. "तोंड तं इतकं साबूत का दिवसभर बंद होत नाई."

लिनेस हसली. मग तिनं छातीवरची गाठ सोडली, लेकरू पाठीवरून पुढे घेतलं आणि सपनाच्या हातांत दिलं.

फोन अजून चालूच होता. प्रयागबाईच्या भाजीभोवती गर्दी झालेली सपनाला दिसत होती. "माय," ती म्हणाली, "सारा बाजार ऐकून राह्यला वं."

"ऐकू दे," प्रयागबाई म्हणाली. "आजवर लोकं सांगत, मी ऐको."

सपनाला रडायला सवड नव्हती. ती लेकराला घेऊन आत गेली.