ड्रमवरचं नाव

मंडळी, आज विद्यापीठातून धापा टाकत खोलीवर आले. तास लांबला आणि तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर येऊन गेला होता.

पुंडलिकनगरात राहून चार महिने झाले, पण कुणाशी धड बोलले नव्हते. शेजारच्या काकूंना एकदा गाव तेवढं सांगितलं होतं. रोज वाटायचं, घरी परत जावं.

बघते तर माझा ड्रम काठोकाठ भरलेला, आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं: ‘पाचोडची पोरगी’.

काकू म्हणाल्या, "माणूस हजर नसलं अन् ड्रमवर नावबी नसलं की टँकरवाला पाणी देत नाय. तुझं नाव कुणालाच ठाऊक नाय, मग हेच लिवलं."

मी नाव सांगितलं. काकू ब्रश आणायला उठल्या, तर म्हटलं, "राहू द्या, हेच लई भारी आहे."

तुमची गल्ली तुम्हाला काय म्हणते?