चौकडीच्या मानाची कॅसेट

वडवणीच्या बसस्टँडसमोर मन्मथचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. बापाचं किराणा दुकान बरं चाललेलं असताना ह्या पठ्ठ्यानं त्यातलाच अर्धा गाळा अडवला, दोन खणांचं डेक मांडलं आणि लग्नाची गाणी, भजनं, जीपवाल्यांना हवी ती खिचडी भरून द्यायला लागला. बाप म्हणायचा, "आमचा पोरगा हवा इकतोय." म्हणू दे. नव्वदच्या पुढची सालं होती, घरोघर टेप आला होता, आणि ही हवा तूरडाळीपेक्षा जास्त खपत होती.

सत्त्याण्णव साली त्याचा चुलतभाऊ वीरेश कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला आणि सुट्टीत येताना तिथल्या चौघा गायकांच्या दोन-चार कॅसेटी घेऊन आला. गायक कसले, बोलकेच! तालात भराभर बोलायचं, ह्याला हिप हॉप म्हणतात, आणि खालून जी जाड तारांची गिटार घुमत राहते ती तऱ्हा फंकची, असं वीरेशनं समजावलं. मन्मथला त्या बोलण्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्यांच्या जथ्याच्या नावाचा उच्चारही जमेना, म्हणून त्यानं सरळ 'चौकडी' म्हणायला सुरुवात केली. पण ती जाड गिटार सुरू झाली की गड्याची मान जी हलायला लागायची ती थांबायचीच नाही.

जीपवाले वैतागायचे. "काय वटवट लावली बे? गाणं लाव की एखादं."

"गाणंच हाय ते. ऐकायला कान लागतेत."

आता गिऱ्हाइकाशी कुणी असं बोलतं का? पण प्रेमात पडलेल्या माणसाला कोण समजावणार!

मग त्याच्या डोक्यात आलं, ह्या चौघांच्या मानाची एक कॅसेट करायची. गावात नावाजलेला पैलवान आला तर आपण फेटा बांधतो, ह्यांना वडवणीत कोण बांधणार? नुसती एकामागं एक गाणी भरायची नाहीत. गिटारीचा एखादा झक्कास तुकडा बटण दाबून थांबवायचा, फीत मागं घ्यायची, तोच तुकडा पुन्हा जोडायचा, पुन्हा जोडायचा, आणि ताल पडू न देता पुढच्या गाण्यात उतरायचं. बोट जरा चुकलं की सगळं पहिल्यापासून. शिवाय मधे मधे माईकवर स्वतः बोलून चौघांची ओळख करून द्यायची. प्रत्येकाच्या नावापुढं 'राव' लावायचं त्यानं आधीच ठरवलं होतं.

एका सोमवारी, जेवून आल्या आल्या, तो कामाला बसला. त्याच्या आईचा एक नेम होता. दर सोमवारी पूजा झाली की ती दुकानात यायची आणि गल्ल्यावर, डेकवर, कोऱ्या कॅसेटींच्या चवडीवर विभूतीची बोटं ओढून जायची. राख मशीनमध्ये जाते म्हणून मन्मथ ती फडक्यानं पुसायचा, दर सोमवारची कटकट. त्या दिवशीही मशीनपाशी एक बिननावाची कॅसेट होती, विभूती लावलेली. त्यानं पुसली आणि खणात सरकवली. एरवी तो आधी ऐकून बघायचा, पण त्या दिवशी डोक्यात चौकडीशिवाय काही नव्हतं.

दिवेलागणीपर्यंत दोन्ही बाजू भरल्या. काय जमली होती ती कॅसेट! एकही जोड कळत नव्हता. मन्मथ एकटाच दुकानात नाचला, आणि चुकून कुणी वर काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरच्या चिपा स्वतःच्या हातानं मोडल्या.

बाजाराच्या दिवशी शिवकांताबाई आल्या. नांदूरघाटच्या. त्यांची लेक अपेक्षा वडवणीत दिलेली.

"शरणार्थ, मन्मथ. झाली का माझी कॅसेट?"

"कोणती मावशी?"

"आमच्या अप्पांची. सोमवारी तुज्या आईपाशी दिलती. तू जेवायला गेलतास."

त्यांचे मालक राजेश्वरअप्पा संक्रांतीच्या आधी गेले होते. पंचक्रोशीत भजनाला त्यांच्यासारखा आवाज नव्हता. जावयानं एकदा घरीच टेपवर भरून घेतलं होतं, तेवढंच उरलेलं. बाई ती कॅसेट देव्हाऱ्यात ठेवायच्या, रोज विभूती लावायच्या. तशीच एक लेकीला पाहिजे होती.

आई आतून म्हणाली, "तुज्या मशीनपाशीच ठिवली व्हती की रं. भस्म लावल्याली."

मन्मथला ती पुसलेली कॅसेट आठवली. तोंडाशी एक थाप तयार होती, मशीननं फीत खाल्ली. कुणीही मानलं असतं, मशीन रोजच फीत खायचं. तो बाईंकडं बघत राहिला, आणि ती थाप काही बाहेर येईना.

"मावशी, म्या पुसली. कोरी समजलो. त्याच्यावर दुसरंच भरलं."

"समदं?"

"दोनी बाजू."

बाई बाकड्यावर बसल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ते केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "लाव."

"मावशी, त्यात अप्पा न्हाईत आता."

"लाव म्हणते ना."

त्यानं लावली. गिटार घुमली, ते चौघं बोलायला लागले, मधेच मन्मथचा स्वतःचा आवाज आला, हौसेनं नुसता फुललेला. स्वतःचा तो आवाज ऐकून मन्मथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई उठल्या आणि स्पीकरला कान लावून उभ्या राहिल्या. त्या गिटारीच्या खाली, त्या बोलण्याच्या मागं, कुठं तरी अप्पा सापडतील म्हणून ऐकत होत्या. बाजू संपली. "दुसरी," म्हणाल्या. तीही तशीच उभ्यानं ऐकली, अगदी शेवटपर्यंत.

मन्मथला राहवेना. त्यानं कॅसेट काढली आणि फीत उपसायला बोट घातलं. बाईंनी त्याचा हात धरला.

"नको. त्यानं अप्पा येनार हायेत का?"

तो लहान लेकरासारखा रडायला लागला. बाईंनी पदरानं डोळे टिपले, स्वतःचे.

"कोन हायेत हे?"

"अमेरिकेतले हायेत मावशी. चौघं."

"जित्ते हायेत?"

"हायेत."

"बायका आसतील त्यांच्या. त्यांच्यापाशी आसंल ना ह्यांचा आवाज?"

"आसंल की मावशी."

"मंग बरं," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून लेकीच्या घराकडं निघाल्या.