बासष्ट दिवस पावसाचे

सरांनी माझं जर्नल दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचललं. नाकापाशी नेलं. मग टेबलावर टाकलं.

"ए भिगवण, वहीला मासळीचा वास येतोय. लॅबमध्ये येताना हात तरी धुऊन येत जा."

पुढच्या दोन ओळी हसल्या. मागची ओळ थोडं थांबून हसली. माझ्या शेजारचा स्टूल रिकामाच असायचा, त्यामुळे शेजारी हसायला कुणी नव्हतं.

मी हात धुतले होते. लिंबू चोळून धुतले होते. सकाळी आईबरोबर चिलापी माशांचे खवले काढायचे, सव्वासातची एसटी धरायची, बारामतीला उतरून कॉलेजपर्यंत चालत जायचं. मधे दोनदा हात धुवायची मी. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची. तरी येत असेल वास. आमचं पोट त्याच वासावर चालतं.

वर्गात बाकीच्यांना नावं होती. साखर कारखान्याच्या संचालकांच्या मुलाला सर 'बाळा' म्हणायचे, डॉक्टरांच्या मुलीला 'बेटा'. माझं नाव फक्त हजेरीपुरतं. एरवी मी भिगवण, माझ्या गावाचं नाव. माझी जात त्यांना आडनावावरून कळली होती. तिच्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. वासाबद्दल बोलायचे.

"आणि हे काय? अकराव्या प्रयोगाचं आउटपुट कुठंय?"

"सर, प्रोग्राम चालत न्हाय."

"न्हाय?" त्यांनी माझा शब्द वर्गाला ऐकवला. परत हशा. "अगं मग उतरव ना. जुनं जर्नल मिळालंय ना तुला? तुझ्यासारख्यांनी चालवायचं नसतं. उतरवायचं असतं."

मी वही उचलली आणि मागं जाऊन बसले. मशिन नंबर एकोणीस, खिडकीला लागून. तिथून मैदान दिसतं. तास संपेपर्यंत मी मैदानाकडंच बघत राहिले.

आता जर्नलचं सांगते. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. प्रोग्राम लिहायचा, चालवायचा, खाली आउटपुट लिहायचं, सर सही करणार. सगळ्या सह्या असतील तरच परीक्षेला बसायला मिळतं. नियम असा. रीत वेगळी. रीत अशी की मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल आणायचं आणि शाईनं उतरवून काढायचं. मला पिंपळीच्या एका ताईनं तिच्याकडचं जर्नल दिलं होतं. तिलाही ते कुणीतरी दिलेलं. शेवटच्या पानावर, ज्या ज्या मुलीनं ते वापरलं तिनं आपलं नाव आणि गाव लिहिलं होतं. अकरा नावं. पिंपळी, निरवांगी, लासुर्णे, नरसिंहपूर. सगळ्या खेड्यांतल्या. एकीलाही मी पाहिलेलं नव्हतं, पण एसटीत ते पान उघडून वाचायची. वर्षभर मला तेवढीच सोबत होती. जर्नल परत देताना बारावं नाव मी लिहिणार होते.

आधीचे दहा प्रयोग मीही उतरवलेच. खोटं कशाला बोलू. अकरावा तेवढा मनापासून चालवून बघावासा वाटला, कारण तो पावसाचा होता. इंदापूर तालुक्यातल्या एका गावाची वर्षभराची पावसाची फाईल. रोजची एक ओळ. पाऊस पडला त्या ओळी मोजणारा प्रोग्राम लिहायचा, आणि तो कुठल्याही मशिनवर आपला आपण चालला पाहिजे. त्यासाठी बिल्ड टूल लागतं. आपला प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, एकत्र करून ते सगळं चालायच्या लायकीचं करून देतं. काय काय आणायचं याची एक यादी त्याला लिहून द्यावी लागते. जर्नलात ती यादी होती. तिच्याखाली प्रोग्राम. त्याच्याखाली आउटपुट: बासष्ट.

मी अक्षर न् अक्षर टाइप केलं होतं. पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी आल्या. वाटलं, सर सांगतील काय चुकलं. म्हणून जागा रिकामी ठेवली. मूर्ख होते मी.

त्या दिवसानंतर जेवणाच्या सुट्टीत मी लॅबमध्ये बसायला लागले. डबा बाहेर पायरीवर एकटीनं खायचा, दहा मिनिटांत, आणि आत. लॅबचे शिपाई मामा चांगले होते. कुलूप उघडून द्यायचे आणि म्हणायचे, "बस, पर पंखा न्हाय लावायचा." घामानं बोटं कळफलकावर चिकटायची.

पहिल्या दिवशी लाल ओळी नुसत्या वाचल्या. त्याआधी कधी वाचल्याच नव्हत्या, बघून घाबरायची फक्त. वाचल्यावर कळलं की टूल एका ठरावीक ओळीवर अडतंय. यादी संपून प्रोग्राम सुरू होतो तिथं. मग लक्षात आलं. जर्नलात यादी आणि प्रोग्राम एकाच पानावर होते, मधे रेघसुद्धा नव्हती, म्हणून मी दोन्ही एकाच फाईलमध्ये टाइप केले होते. यादीची फाईल वेगळी असते आणि ती बाहेर राहते. प्रोग्रामची फाईल तीन फोल्डर आत. जिनं मशिनवर एकदा जरी केलं असेल तिला हे माहीत असणार. वहीतून उतरवणारीला कसं कळणार? आणि हे पान अकरा जणींनी जसंच्या तसं उतरवलं होतं. एकीनंही चालवलं नव्हतं. हे कळल्यावर मला त्यांचा राग नाही आला. वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फाईली जागच्या जागी ठेवल्या. आता टूल म्हणालं, लायब्ररी सापडत नाही. दीड दिवस गेला त्यात. जर्नलातला आवृत्तीचा आकडा जुन्या मशिनचा होता. मशिनं बदलली, त्यांच्यावरची भाषा नवी झाली, वहीतला आकडा तोच राहिला. लायब्ररीच्या आणि भाषेच्या आवृत्तीचा मेळ बसावा लागतो. मी एकेक आकडा बदलून बघत होते. पुढच्या ओळीतल्या एका मुलाकडं चालणारं फोल्डर आहे असं ऐकलं होतं. विचारायला गेले तर तो म्हणाला, "ग्रुपवर टाकलंय की." त्या ग्रुपवर मी नव्हते. त्याला ते माहीत होतं. मी परत येऊन बसले.

चौथ्या दिवशी चाललं. काळ्या पडद्यावर पांढरा आकडा. सत्तावीस.

बासष्ट नाही. सत्तावीस.

अर्थात आधी वाटलं मीच चुकले. वर्षभर चुकीचीच ठरत आलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? फाईल उघडून ओळींवर बोट ठेवत हातानं मोजलं. दोनदा. सत्तावीस. मामांना विचारलं, ही फाईल जुनीच आहे का? "गणपतीत नवी टाकली की. जुनी उडाली."

घरी अण्णांना, वडिलांना, फाईलवरच्या सालाचं विचारलं, बासष्ट दिवस पाऊस होता का. अण्णा आमचे उजनी धरणाच्या पाण्यात होडी घालतात. पाऊस त्यांना कागदावर बघावा लागत नाही.

"त्या साली? बासट दिस पाऊस?" अण्णा हसले. "आगं, पानी पार आत गेलं हुतं. जुन्या गावाच्या भिती उघड्या पडल्या हुत्या. होडी म्हैनाभर चिखलात बसली. तू न्हाय का चिखल तुडवत डबा घिऊन यायचीस?"

यायची. आठवलं. गुडघ्यापर्यंत चिखल.

सोमवारी जर्नल घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले. आउटपुटच्या जागी निळ्या शाईत सत्तावीस लिहिलं होतं. सर संचालकांच्या मुलाच्या जर्नलवर सही करत होते. त्यात बासष्ट होतं. खाली ठेवलेल्या गठ्ठ्यातही बासष्टच असणार.

"सत्तावीस?" सरांनी पेन थांबवलं. "सगळ्यांचं बासष्ट आहे."

"सर, फाईल बदललीय. मशिनवर या, दाखवते."

"चाळीस पोरं चुकली आणि भिगवण बरोबर?" हशा झाला. ते उठले नाहीत. एकोणीस नंबरचं मशिन दहा पावलांवर होतं, ते उठले नाहीत. वही माझ्याकडं सरकवून त्यांनी आवाज खाली आणला. जवळजवळ मायेनं बोलले. "हे बघ, खोड आणि बासष्ट कर. लगेच सही देतो. उगीच वर्ष घालवू नकोस."

वर्ष म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. परीक्षेनंतर एमआयडीसीतली एक कंपनी मुलाखतींना येणार होती. आमच्या घरात इथवर शिकलेली मी पहिली. त्या मुलाखतीसाठी आईनं नवा ड्रेस शिवून ठेवला होता. आणि टेबलावर पेन टोपण काढून तयार होतं. एक आकडा खोडायचा, बास.

मी पेनाकडं बघितलं. वाटलं, हा आकडा खोडला तर मी तो चिखलही खोडणार. चार दिवस पायरीवर एकटीनं खाल्लेला डबा खोडणार. आणि हा माणूस जन्मभर बरोबर ठरणार, की माझ्यासारखीनं उतरवायचं असतं.

"मी न्हाय लिवनार, सर. जे मला दिसलं न्हाय, ते मी लिवनार न्हाय."

न्हायवर या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी लाल पेन घेतलं, पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि पुढचं जर्नल ओढलं.

परीक्षेला मला बसू दिलं नाही. प्राचार्यांकडं अर्ज दिला. त्यांनी तो परत त्याच सरांकडं पाठवला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खवले काढता काढता म्हणाली, "एका आकड्यापायी?" ड्रेस पेटीत आहे.

पिंपळीच्या ताईला जर्नल परत द्यायला गेले. ती दारातच म्हणाली, "नाव लिवलंस न्हवं?" तिनं मुलाखतीचं विचारलं, मी सांगितलं. तिचा चेहरा पडला. "मी बी बासष्टच लिवलं हुतं," ती म्हणाली. परतीच्या एसटीत पहिल्यांदा माझ्याकडं वाचायला ती नावं नव्हती. फार एकटं वाटलं, अजून वाटतं. ते पान उतरवणाऱ्यांचं, म्हणून अकरा नावांखालची जागा मी रिकामी सोडून आलेय.

माझं जर्नल मात्र माझ्याकडं आहे. लाल रेघेसकट. ते उतरवायला मी कुणालाही देणार नाही. पुढच्या वर्षी याच लॅबमध्ये, याच सरांच्या टेबलावर तेच पान उघडून ठेवणार. त्यांनी परत रेघ मारली तर त्याच्या पुढच्या वर्षी ठेवणार. हात लिंबानं धुणार नाही. आकडा सत्तावीसच राहील.