दादाच्या नावाचा खांब

माझी वहिनी तोरिका पाण्याला भ्यायची. कंदावू बेटावर जन्मलेली बाई, आणि गुडघाभर पाण्यात गेली की किंचाळायची! आणि नवरा कोण, तर माझा दादा वाइसाके, गावातला पट्टीचा पाणबुड्या.

कपारीत झोपलेले कालिया मासे तो टॉर्चच्या उजेडात भाल्याने टिपायचा. माणसाएवढा मासा, कपाळावर टेंगूळ, कोरल कडाकडा फोडून खाणारा. टिपून टिपून ते संपत आले. मग एकदा दादा समुद्रात गेला तो परत आलाच नाही.

गावाने रीतीप्रमाणे पाण्यात खांब रोवला, त्याला दादाचा सदरा बांधला. शंभर रात्री तिथे मासेमारी बंद. त्यानंतर बायकोने खांब उपटायचा, मेजवानी घालायची, की मेलेला सुटला. तोवर तो तिथेच.

तोरिकाने खांब उपटलाच नाही. सुतकाचे काळे कपडे उतरवले नाहीत, सुतकात वाढवलेले केस कापले नाहीत. वर्षं गेली.

"वहिनी, सोड की गं त्याला! ओहोटीला त्याचा खोकला ऐकू येतो मला."

"मलाही येतो, वन्सं."

"मग तुझं काळीज आहे का दगड?"

"कालिया परत आलेत. ज्याने मारले, त्यानेच राखावेत. त्याच्या भीतीने कुणी तिकडे फिरकत नाही."

"पोरं तुला चेटकीण म्हणतात!"

"म्हणू देत. त्यांना निदान कालिया बघायला तरी मिळाला."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. माझा भाऊ होता तो, राखणीला बांधलेला कुत्रा नव्हता.

गेल्या महिन्यात तोरिका गेली. खांबाचा हक्क माझ्याकडे आला. गावप्रमुख म्हणाले, "ताई, आता उपटून टाक. पोरांनी भाले परजून ठेवलेत."

मी निघाले. तिचं काळं वस्त्र समुद्रात सोडायला बरोबर घेतलं. कमरेएवढ्या पाण्यात पोचले, खांबाला मिठी घातली. सदऱ्याच्या चिंध्या उरल्या होत्या.

तेवढ्यात पाण्याखालून कडाकडा आवाज आला. कालियांचा कळप माझ्या पायांशी कोरल फोडत होता. एकही मासा बिचकला नाही. आणि पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी खोकलं.

मी मागे पाहिलं नाही. ढसाढसा रडले, दोघांनाही शिव्या घातल्या. मग तोरिकाचं वस्त्र त्या चिंध्यांशेजारी घट्ट बांधलं.

"दादा, वहिनी आलीय रे. तिला पाण्याची भीती वाटते, हात धर तिचा."