जावयाचं रक्त

सोनूबाईला डोलीत घातलं, तेव्हा वाडीतल्या बाया एकेक करून तिच्या पाया पडल्या. ती परत येईल अशी कुणालाच खात्री वाटत नव्हती. डोली म्हणजे काय, तर जुन्या चादरीची झोळी आणि तिच्यातून आरपार घातलेला बांबू. पुढे खांदा द्यायला तिचा दीर भागोजी, मागे शेजारचा काशीराम. लांज्याच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या वाडीपासून रस्ता दोन मैल खाली. तिथे सकाळची एस.टी. मिळाली आणि साडेअकराच्या सुमाराला रत्नागिरी आली.

साल चौऱ्याऐंशी, महिना माघाचा. सोनूबाईचं वय बेचाळीस, पण हॉस्पिटलातल्या कारकुनाने न विचारताच पन्नास लिहिलं. दिवाळीपासून तिचं चालणं कमी होत गेलं होतं. आधी विहिरीवरून कळशी आणताना दम लागायचा, मग रिकाम्या हाताने, मग नुसतं उठून बसताना. कानात सतत कुणीतरी उखळात कांडतंय असा आवाज. पावलं सुजली. तोंड असं झालं की काशीरामची बायको म्हणाली, "वैनी, तुमी पिठात पडल्यासारख्या दिसताव." नवरा आत्माराम मुंबईला कापडाच्या गोदामात कामाला. तो शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. त्याला कशाला कळवायचं, म्हणून तिने कळवलं नव्हतं. शेवटी ती चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली, तेव्हा भागोजीने कुणाला न विचारता डोली बांधली.

डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. जीभ पाहिली. हाताची नखं उताणी करून पाहिली. मधे खड्डा पडून ती पळीसारखी झाली होती.

"धाप कधीपासून लागते?"

"दिवाळीपासून."

"त्याच्या आधी?"

"आधी चढावर लागायची. पन चढावर सगळ्यांनाच लागते."

"पाळीत अंगावर फार जातं?"

सोनूबाईने भिंतीकडे बघत मान हलवली.

"शेतात अनवाणीच जाता ना? माती, राख, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं?"

"नाय," ती म्हणाली. ते खरंच होतं. पण तो प्रश्न तिला सोडेना. तिची गोदा माती खायची. भिंतीचा पोपडा नखाने काढून तोंडात टाकायची, आणि दिवस गेल्यावर तर जास्तच. सोनूबाई हसून म्हणायची, पोरीला डोहाळे लागलेत मातीचे.

गोदा तिची एकुलती एक लेक. सव्वा वर्षापूर्वी, कार्तिकात, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिथेच गेली. मूल आधीच गेलेलं होतं. सुईण म्हणाली, फार रक्त गेलं नाही, कसं झालं कळत नाही. जावई रावजी रत्नागिरीला लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याला निरोप पोचेपर्यंत दोन दिवस गेले आणि तो आला तेव्हा राखही सावडून झाली होती. सोनूबाईने त्याला दारातच अडवलं. "तुमच्या घरानं माझी पोर सुकवली. राबवलीत आनि सुकी करून माझ्याकडं धाडलीत." रावजी काही बोलला नाही. अंगणात चप्पल घालून परत फिरला. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं संपलं.

बोट टोचून रक्त घेतलं. शौचाचा नमुना घेतला. दुपारी डॉक्टरीणबाई भागोजीला म्हणाल्या, "बाईच्या अंगात रक्ताचा आकडा बारा तरी हवा. यांचा साडेतीन आहे. पोटात आकड्यासारखे जंत आहेत, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. मातीतून, अनवाणी पायांतून शिरतात. आणि महिन्याच्या महिन्याला जातं ते वेगळं. औषध देऊ, पण औषधाने भरून यायला महिने लागतील, तेवढा वेळ यांच्याकडे नाही. आज एक बाटली रक्त द्यावं लागेल, उद्या-परवा आणखी एक. नात्यातला कोण आहे?"

भागोजी घाबरला होता. रक्त दिलं की माणूस कायमचा अशक्त होतो असं त्याने ऐकलं होतं. तरी त्याने बाही वर केली. त्याचं रक्त जुळलं नाही. आत्मारामला तार केली, पण तो उद्याशिवाय येणं शक्य नव्हतं. "वैनी, मी जरा भायेर जाऊन येतो," एवढंच सांगून भागोजी गेला.

उन्हं कलली तेव्हा सिस्टर काचेची बाटली घेऊन आली. शमीम तिचं नाव, मिरकरवाड्याची. बाटलीवरच्या चिठ्ठीवरचं नाव तिने दोनदा वाचलं, सोनूबाईला स्वतःचं नाव सांगायला लावलं आणि मग सुई लावली.

"मावशी, नीट ऐका. थंडी वाजली, खाज सुटली, पाठीत दुखलं किंवा छातीत कोंडलं, तर लगेच हाक मारायची. लाजायचं नाही. हे थेंबाथेंबानेच जाणार. तुमचं काळीज इतके दिवस पाण्यासारखं रक्त उपसून दमलंय. एकदम ओतलं तर त्याला पेलणार नाही. म्हणून लघवी व्हायचं इंजेक्शनपण देते, सारखं उठावं लागेल. मी आहे."

तासाभराने थंडी आलीच. दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. सोनूबाईला वाटलं, संपलं. शमीमने नळी बंद केली, डॉक्टरीणबाईंना बोलावलं. चिठ्ठी पुन्हा पाहिली, ताप पाहिला, इंजेक्शन दिलं, अंगावर दोन घोंगड्या टाकल्या. असं कधी कधी होतं, त्या म्हणाल्या. हळूहळू कापरं ओसरलं, तेव्हा सगळं पुन्हा तपासून बाटली आणखी संथ लावली.

शमीम शेजारी स्टूल घेऊन बसली. सोनूबाईने बाटलीकडे बोट केलं. "ह्या रगत कुनाचा?"

"तुमच्या जावयाचं. तुमच्या दिराने वखारीतून बोलावून आणलं. अंगावरचा लाकडाचा भुसा झटकायलासुद्धा थांबला नाही."

सोनूबाईने दुसरा हात उचलला आणि सुईपर्यंत नेला. शमीमला आधी वाटलं, खाजतंय. मग तिला कळलं, आणि तिने तो हात आपल्या हातात घेऊन खाली ठेवला. सोनूबाईमध्ये तो सोडवून घेण्याइतकं बळ नव्हतं. ती तशीच पडून राहिली आणि थेंब पडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम आला. त्याचं रक्त जुळलं, दुसरी बाटली त्याची. तिसऱ्या दिवशी सोनूबाई कितीतरी महिन्यांनी उशीला न टेकता, सपाट पडून झोपली. कानातलं कांडप थांबलं होतं. आत्माराम तिच्या पायांची सूज बोटाने दाबून बघायचा आणि पुन्हा दाबायचा.

जंतांचं औषध झालं, आणि चौथ्या दिवशी शमीमने तिच्या तळहातावर एक तांबडी गोळी ठेवली.

"ही लोहाची. रोज घ्यायची, तीन-चार महिने. बरं वाटलं तरी सोडायची नाही. दिलेलं रक्त म्हणजे उसनवारी, अंगाला स्वतःचं तयार करायचंय. पोट जड होईल, शौचाला काळं होईल, घाबरू नका. चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. नाचणी, शेवग्याचा पाला, मासळी पोटात जाऊ द्या. पायात वहाणा घाला. आणि पाळीचं डॉक्टरीणबाईंना दाखवायला महिन्याने परत यायचं."

सोनूबाई गोळीकडे बघत राहिली. "ही पोटुशीला देतात ना?"

"हो. त्यांना तर हवीच."

"हिच्यानं पोर मोठा होतो. मग बाळंतपन अडतं."

"कोण सांगतं असं? उलट ही घेतली नाही तर जीवावर बेततं."

शमीम पुढच्या खाटेकडे वळली तशी सोनूबाईने तिचा पदर धरला. "एक पोर होती. मलूल. माती खायची. बाळंत झाली, फार रगत गेला नाय. तरी गेली. ती कशान गेली असंल?"

शमीमने तिच्याकडे पाहिलं. ही कुठली पोर, ते तिला बहुधा समजलं असावं. ती सांभाळून म्हणाली, "भरल्या हंड्यातून तांब्याभर पाणी गेलं तर कळतही नाही, मावशी. हंड्यात तांब्याभरच असेल तर?"

सोनूबाईने गोळी गिळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

गोदेला या गोळ्या दर महिन्याला वाडीत येणारी नर्सबाई देऊन गेली होती, कागदाच्या पुडीत. चार दिवस गोदेने घेतल्या. पाचव्या दिवशी ती घाबरून आईला म्हणाली, काळं होतंय. सोनूबाईने पुडी काढून घेतली आणि परसात केळीच्या बुडाशी पुरली. नर्सबाई परत आली तेव्हा सांगितलं, घेते हो, रोज घेते.

संध्याकाळी भेटीच्या वेळी रावजी आला. वॉर्डाच्या दाराशी घुटमळला, मग खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. आत्माराम चहा आणायला म्हणून बाहेर गेला.

"मामी, बरा वाटतंय?"

"बसा, जावयबापू."

तो बसला नाही. सोनूबाईने त्याला सगळं सांगितलं. पुडीचं, केळीचं, नर्सबाईला खोटं सांगितल्याचं. सांगताना ती रडली नाही. "मी तुमाला दारात उभा केला आनि नाय नाय ता बोलले. पोर माझ्या हातान गेली."

रावजी खाटेच्या लोखंडी दांड्यावरून अंगठा फिरवत होता.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "गनपतीला मी आलो व्हतो ना, तवा ती बोलली मला. आयेनं गोळ्या बंद केल्या म्हनून."

"मग तुमी काय म्हनलाव?"

"मी म्हनलो, बरा केला."

सोनूबाई हाताचा टेका देऊन उठून बसली.

"आमच्याकडं पन तसाच म्हनतात. पोर मोठा झाला तर तुला जड जाईल, असा म्हनलो मी तिला. ती हसली." त्याने दांड्यावरचा अंगठा उचलला. "तुमी दारात बोललाव, तवा मला वाटला, मी तिला काय म्हनलो ता ह्यांना कळलं. म्हनून गप ऱ्हायलो."

वॉर्डाबाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा सोनूबाई म्हणाली, "हात दाखवा." त्याने बाही वर केली. कोपराच्या खोबणीत सुईची हिरवी-निळी खूण होती. तिने ती बोटाने चाचपली आणि बाही खाली ओढून दिली.

नवव्या दिवशी तिला घरी सोडलं. गोळ्या तिने चुकवल्या नाहीत. पोट जड व्हायचं, तोंडाला गंजल्यासारखी चव यायची, काळं व्हायचं, आणि दर वेळी गोदा आठवायची. वैशाखापर्यंत नखांना रंग आला. पुढे नर्सबाई वाडीत आली की सोनूबाई तिच्याबरोबर पोटुश्या पोरींच्या घरी जायची आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. काही सासवा तिला म्हणायच्या, स्वतःची लेक राखता आली नाही आणि आमाला शिकवते. ती ऐकून घ्यायची.

रावजीने त्याच वैशाखात दुसरं लग्न केलं. भाद्रपदात अहेव नवमीला, सवाष्ण गेलेल्या बाईला पान वाढायच्या दिवशी, त्याचा निरोप आला. सोनूबाई पायात वहाणा घालून निघाली. दोन डोंगर ओलांडून जावयाचं गाव. वरच्या सड्यावर, माथ्याच्या सपाटीवर पोचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण वाटेत कुठेच थांबलो नाही. मग ती तिथेच कातळावर बसली आणि पोटभर रडली. रडायलाही दम लागतो. तो इतके दिवस नव्हता.

रावजीच्या घरी त्याची आई आणि नवी सून चिमा स्वयंपाकाला लागल्या होत्या. दोघी विहिणी समोरासमोर आल्या. मग रावजीची आई खाली बघत म्हणाली, "पान वाढायचं, पन तिला काय आवडायचा ता आमाला कुनाला म्हाईतच नाय. वर्सभर बी नीट नांदली नाय इथं. कदी मागून खाल्लान नाय तिनं."

"पातोळे," सोनूबाई म्हणाली. "हळदीच्या पानातले. गूळ जरा जास्त."

चिमा उठली आणि परसातून हळदीची पानं काढून घेऊन आली. सोनूबाईने हात धुतले, पदर खोचला आणि पीठ भिजवायला घेतलं.