ऐरलिसचं गवत

नेस्ता प्रोथेरोनं आयुष्यभर लोकांना वाढलं. वेल्समधल्या ट्रेगॅरन गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती. तिच्या हातचा डाव कधी आखडला नाही. एखादं पोर दुसऱ्यांदा ताट घेऊन आलं की ती म्हणायची, "एवढंसं काय मागतोस? पोट आहे की काडेपेटी?" आणि बटाट्यांचा डोंगर त्याच्या पुढ्यात रचायची. अजूनही बाजारात मिशीवाले बाप्ये तिला थांबवून म्हणतात, "नेस्ता मावशी, तुझ्या हातची खीर परत काही मिळाली नाही बघ."

अशा बाईच्या नशिबी म्हातारपणी एका जिवाला अर्धपोटी ठेवण्याचं काम आलं.

ब्लायनांट हे प्रोथेरोंचं शेत दरीच्या अगदी तोंडाशी. वर डोंगर, खाली ओढा. नेस्ताचं लग्न झालं नाही, थोरला भाऊ इडवल यानंही केलं नाही. आईबाप गेल्यावर दोघं त्याच घरात राहिली, तो मेंढरांत आणि ती शाळेच्या भांड्यांत. दोघांत बोलणं बेताचं, पण संध्याकाळी चुलीपाशी दोन खुर्च्या असायच्या आणि एकाची रिकामी असली की दुसऱ्याला करमायचं नाही.

इडवलचा खरा जीव डोंगरावरच्या घोड्यांत. वेल्सच्या डोंगरातली ती बुटकी, चिवट तट्टं. एका हिमवादळात मेलेल्या घोडीजवळ त्याला एक शिंगरू सापडलं. त्यानं ते कोटात गुंडाळून घरी आणलं, स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवलं आणि बाटलीनं दूध पाजून वाढवलं. घोडी पांढरीशुभ्र निघाली. तिचं नाव ऐरलिस, म्हणजे बर्फातून डोकं वर काढणारं पांढरं फूल. पुढं इडवलचे गुडघे गेले, मेंढरं विकली, डोंगरावरच्या चराईचा हक्क शेजाऱ्याला दिला. बाकी घोड्याही गेल्या. ऐरलिस मात्र खाली घराजवळच्या कुरणात आली.

तिथंच चुकलं. वरच्या खडकाळ, खुरट्या गवतावर जगण्यासाठी घडलेलं ते जनावर. आणि खालचं कुरण पिढ्यान्‌पिढ्या खत घालून, मेंढरांसाठी पोसलेलं. त्या गवतात तिला गुडघ्यापर्यंत उभी पाहून इडवल म्हणायचा, "आता हिचे पेन्शनचे दिवस आले." ऐरलिस गोल झाली. आयाळीखाली चरबीची जाड वळकटी धरली. मे महिन्यातल्या एका सकाळी नेस्ता बघते तो घोडी कुरणाच्या मधोमध खिळल्यासारखी उभी. पुढचे पाय लांब टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर, जसा कुणी तापल्या तव्यावर उभा राहावा. हाक मारली तरी जागची हलेना.

जनावरांची डॉक्टर हेलेद तरुण होती, पण बोलायला सरळ. तिनं खुरांवर तळहात ठेवला, मग नेस्ताचा हात धरून घोट्यामागं टेकवला. "लागतेय नाडी?"

"हातोडा मारतंय कुणी आत."

"हा खुरांचा दाह. लॅमिनायटिस म्हणतो आम्ही. खुराच्या आत हाड लोंबतं ठेवणारे पापुद्रे असतात, ते सुजतात. फार झालं तर सुटतात आणि हाड खाली सरकतं. हिला विष बाधलेलं नाही, नेस्ता. गवत बाधलंय. गवतातली साखर."

"गवत?" इडवल हसला. "घोड्याला गवत बाधलं? उद्या म्हणशील माशाला पाणी बाधलं."

पण तेव्हा त्याचं डोकं ठिकाणावर होतं. घोडी लंगडते हे त्याला दिसत होतं. त्यानं ऐकलं.

त्या वेळी घोडी बरी झाली आणि त्यानंतर नेस्ताचा दिवस घोडीच्या तोंडाभोवती फिरू लागला. गोठ्यामागचं खडीचं आवार ऐरलिसचं घर झालं. वाळलेलं गवतसुद्धा नेस्ता मोजून घ्यायची, आदल्या दिवशी टबात भिजत घालायची म्हणजे साखर उतरून जाईल, आणि सकाळी ते निथळताना तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या व्हायच्या. कुरणात सोडायचं ते उजाडायच्या सुमारास. तेही तोंडाला खाली लहानसं भोक असलेलं मुसकं बांधून, म्हणजे एका वेळी दोन-चार पातीच तोंडात जातील, आणि वीज सोडलेल्या कुंपणपट्टीनं आखलेल्या चिंचोळ्या तुकड्यात. ऊन चढलं की परत आत. ज्या सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असेल आणि वर ऊन लख्ख असेल, त्या दिवशी मुळीच सोडायचं नाही. थंडीनं गवताची वाढ थांबते आणि उन्हानं केलेली साखर पात्यातच राहते, असं हेलेदनं सांगितलं होतं. नेस्ता रोज उठल्याबरोबर पडदा सरकवून आधी गवताचा रंग बघायची. मग बाहेर जाऊन आयाळीखालची वळकटी दाबायची, खुरांवर हात ठेवायची, नाडी बघायची. मगच चहा.

ऐरलिसला हे मान्य नव्हतं. ती फाटकाशी उभी राहून हिरव्या कुरणाकडं बघायची आणि नेस्ता दिसली की खिंकाळायची. नेस्ता पाठ फिरवून टबातलं गवत निथळायला घ्यायची. शाळेत तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

शेजारची ग्वेनव्रॉन कुंपणावरून म्हणायची, "काय गं, संन्यास दिलास का घोडीला?"

"तूही घे थोडा. कंबर दिसेल तुझी."

"माझी कंबर माझ्या नवऱ्यानंच शोधायची सोडलीय, तू कशाला शोधतेस!"

असे चार हंगाम गेले. मग इडवल विसरायला लागला.

आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग रविवार. सूट घालून मंगळवारीच प्रार्थनेला निघायचा. नेस्ता त्याला हळूच परत वळवायची. या सगळ्यात घोडी आजारी आहे हेही तो विसरला. त्याला दिसायचं ते एवढंच: आपली ऐरलिस खडीवर उभी आहे, पलीकडं गवत डोलतंय आणि आपली बहीण तिला तिकडं जाऊ देत नाही.

"किती दिवस उपाशी ठेवणार आहेस तिला?"

"तिच्या खुरांना त्रास होतो, इडवल. डॉक्टरनं सांगितलंय."

"कोण डॉक्टर? हे मुसकं कुणी बांधलं? कुत्रं आहे का ती?"

"मी बांधलं."

"लाज नाही वाटत? आईनं तुला असं शिकवलं?"

पाच मिनिटांनी तो पुन्हा तेच विचारायचा, आणि त्याच्यासाठी तो राग नवाकोरा असायचा. त्याच्या खिशात घोडीसाठी लपवलेले पावाचे तुकडे सापडू लागले. मग नेस्तानं पावाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि कुरणाच्या फाटकाची कडी दोरीनं अशी आवळून बांधली की त्याच्या थरथरत्या बोटांना ती गाठ सुटू नये.

एप्रिलमध्ये ग्वेनव्रॉनची बहीण वारली. दफनाला जायलाच हवं होतं. आदल्या रात्री थंडी कडक पडली होती आणि सकाळी ऊन असं स्वच्छ की डोंगर हाताला लागावा. नेस्तानं घोडी आवारातच ठेवली, गाठ तपासली. इडवलला न्याहारी देऊन खुर्चीत बसवलं. ग्वेनव्रॉनचा दीर मधून डोकावणार होता. तो त्याच्या एका अडलेल्या गाईपाशी गुंतला आणि आला नाही. त्याला तरी काय बोल लावायचा.

ती परत आली तेव्हा आवार रिकामं होतं.

इडवलनं गाठीला हातच लावला नव्हता. त्यानं फाटकच बिजागरीच्या खुंटांवरून उचलून बाजूला ठेवलं होतं. ते जड लाकडी फाटक, मोडके गुडघे, आणि स्वतःचं वयही न सांगता येणारा माणूस. पण उभ्या जन्मात शेकडो फाटकं चढवली-उतरवलेल्या हातांना ते ठाऊक होतं.

तो कुरणात एका पालथ्या बादलीवर बसला होता. शेजारी ऐरलिस मान खाली घालून चरत होती, पोट नगाऱ्यासारखं तटतटलेलं. नेस्ताला पाहून त्याचा चेहरा उजळला. वर्षभरात त्याला इतकं आनंदात तिनं पाहिलं नव्हतं.

"बघ, कशी खातेय! आवाज ऐक नुसता."

ती काळ्या कोटात तशीच पळत गेली आणि आयाळ धरून घोडीला ओढू लागली. "किती वेळ झाला? इडवल, किती वेळ खातेय ही?"

"खाऊ दे गं," तो म्हणाला. "तुझं काय जातंय?"

हेलेद तासाभरात आली. खुरं बर्फाच्या पाण्यात ठेवली, नळीनं पोटात औषध दिलं, लाकडाच्या भुश्याची जाड गादी केली. पण दोन दिवसांत घोडी आडवी झाली. खुरांचा एक्स-रे काढून हेलेदनं नेस्ताला गोठ्याच्या दाराशी बोलावलं.

"दोन्ही पुढच्या पायांची हाडं खाली आलीत. तळव्यातून बाहेर पडायला फार वेळ लागणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी औषधं देत राहीन आणि ती कण्हत राहील."

नेस्तानं मान हलवली. "मग सोडव तिला. आजच."

तिला वाटलं होतं, इडवलला घरात ठेवावं. पण तो स्वतःच काठी टेकत आला, भुश्यात गुडघे टेकून बसला आणि घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या कानात तो काहीतरी पुटपुटत होता, शिंगरू असताना पुटपुटायचा तसं. सगळं संपल्यावर त्यानं हेलेदकडं पाहिलं आणि अगदी स्पष्ट, जुन्या आवाजात म्हणाला, "फाटक मी काढलं."

नेस्ताला वाटलं, उद्यापर्यंत विसरेल. जेवला की नाही ते विसरायचा, आई मेलीय हे विसरायचा. पण हे तो विसरला नाही. सगळं डोकं पोखरून गेलं आणि नेमकी ही एक गोष्ट खडकासारखी उरली. सकाळी डोळे उघडले की तो म्हणायचा, "मी मारलं तिला. खायला घालून मारलं." मग त्यानं अन्न सोडलं. नेस्ता त्याच्या आवडीचा मटणाचा रस्सा करायची, चमचा ओठांशी न्यायची, तो तोंड फिरवायचा. सदरे अंगावर लोंबायला लागले. गावच्या डॉक्टरानं खांदे उडवले.

एका दुपारी चमचा धरून तिचा हात अवघडला. रस्सा गार झाला होता. तिनं वाटी खाली ठेवली.

"इडवल, तू नाही काढलंस फाटक."

त्यानं वर पाहिलं.

"मी उघडं टाकलं होतं. दफनाला जायच्या घाईत. तू तर झोपला होतास. मीच तिला आत आणायला हवं होतं. मी मारलं तिला."

"तू?"

"मी."

मग त्यानं वाटी ओढली आणि गार रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. नेस्ता भांडी घासायच्या मोरीपाशी गेली आणि नळ सोडून रडली.

तिला वाटलं होतं, हेही तो विसरेल. तेही विसरला नाही. पण आता दुःखाच्या जागी राग आला होता, आणि रागावर माणूस जगतो. तो तिच्या हातून ताट घेईना. ती टेबलावर ठेवून मोरीपाशी जायची, दार लोटून घ्यायची, आणि चमच्याचा आवाज ऐकत उभी राहायची. प्रार्थनामंदिरात तो पाद्र्याचा हात धरून सांगायचा, "माझ्या बहिणीनं माझी घोडी मारली." नालबंदाला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काहींना वाटलं, नसेलही. नाहीतरी ती त्या मुक्या जनावराला उपाशीच ठेवायची, मुसकं बांधायची, आम्ही पाहिलंय.

ग्वेनव्रॉनला खरं माहीत होतं. तिच्या दिरानंच ते फाटक परत चढवलं होतं. ती चिडून म्हणाली, "तुझी जीभ गळून पडलीय का? मी सांगते सगळ्यांना."

"नको."

"अगं, काय काय बोलतात तुला ठाऊक आहे?"

"खातोय ना तो," नेस्ता म्हणाली. "काल दोन वाट्या खाल्ल्या."

फेब्रुवारीत त्याच्या छातीत कफ भरला. ॲबरिस्टविथच्या इस्पितळात नर्सनं मोठ्यानं विचारलं, "इडवल, कोण आलंय बघा बरं? ओळखलं का?" त्यानं डोळे उघडले. नेस्ता पुढं झुकली. "ही ना," तो म्हणाला, "हिनं माझी घोडी मारली." आणि भिंतीकडं तोंड केलं. नेस्ता दोन दिवस त्याच्या पाठीशी बसून होती. पाठीवर हात ठेवला तर चालायचा त्याला. कुणाचा आहे ते दिसत नव्हतं म्हणून असेल.

इडवलच्या दफनानंतर प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत चहा होता. ग्वेनव्रॉनला राहवलं नाही. तिनं बायकांना गोळा करून फाटकाची सगळी हकिगत सांगून टाकली. कपबश्यांचा आवाज थांबला. एक एक बाई नेस्ताजवळ आली. एकीनं हात धरला, दुसरी म्हणाली, "आम्हाला माफ कर गं, आम्ही भलतंच समजलो. म्हणजे इडवलनंच..."

नेस्तानं हात सोडवून घेतला. ज्याला आता बोलायला तोंड नव्हतं त्याच्यावर दोष पुन्हा जाऊन बसत होता.

"ग्वेनव्रॉनला काय माहीत?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ती तर बहिणीच्या कबरीशी उभी होती. फाटक मीच उघडं टाकलं."

ग्वेनव्रॉननं कपबश्या गोळा करायला घेतल्या. नंतर कुणी तो विषय काढला नाही. गावात आजही दोन्ही प्रकारे सांगतात.

नेस्ता ब्लायनांटमध्ये एकटीच राहते. स्वयंपाक एकटीपुरता कसा करायचा हे तिला अजून जमलेलं नाही, उरलेलं ती ग्वेनव्रॉनकडं पाठवते. कुरणात आता शेजाऱ्याची मेंढरं चरतात आणि गवत दाढी केल्यासारखं आखूड राहतं. मागच्या वसंतात हेलेद त्या मेंढरांना तपासायला आली होती. निघताना गाडीशी थांबून तिनं विचारलं, "इडवलनं कधीतरी तुम्हाला माफ केलं का हो?"

"नाही," नेस्ता म्हणाली. "चहा घेतेस का? केक आहे. दोन तुकडे घे, एकानं काय होतंय."