लिस्बन ते रोम, व्हाया बोंबलाचं लोणचं

विमानाच्या तिकिटावर दोन शहरांची नावं असतात आणि त्यांपैकी कोणतं आधी यायला हवं याला फार महत्त्व असतं, हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.

नोकरी कसली, तर विमानं भाड्याने ठरवून देण्याची. बहारीनमध्ये हूराला आमचं छोटं ऑफिस आहे. खाली शावरम्याचं दुकान, वर आम्ही. ज्यांना जिनिव्हाहून मिलानला जायचंय पण विमानतळावर रांगेत उभं राहायचं नाही, अशा लोकांना मी अख्खं जेट मिळवून देते. ते किती वाजता निघेल, कुत्रा बरोबर चालेल का, चहात ताजा पुदिना असेल का, सगळं मी बघते. स्वतः मात्र मी अशा एकाही जेटमध्ये बसलेली नाही. (एकदा शिडीपर्यंत गेले होते. विसरलेली शाल द्यायला.)

गेल्या वर्षी माझे सासू-सासरे वसईहून आमच्याकडे बुसैतीनला महिनाभर राहायला आले. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्यांच्या चर्चची तीसेक माणसं पोर्तुगालला फातिमाच्या यात्रेला निघाली होती आणि तिथून पुढे रोमला जाणार होती. रोममधल्या एका लहानशा चर्चमध्ये सकाळी आठची मिस्सा ठरली होती, आणि त्या मिस्सेत आई-पप्पा लग्नाची वचनं पुन्हा घेणार होते. बरोबर लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी. आईंनी त्यासाठी मोतिया रंगाची साडी आणली होती आणि ती आमच्या कपाटात अशी ठेवली होती की आठवडाभर मला माझे कपडे काढायची भीती वाटायची.

ही दोघं बहारीनहून जाणार म्हणून त्यांची तिकिटं वेगळी काढायची होती. नेल्सन, माझा नवरा, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तो म्हणाला, मी काढतो ऑनलाइन. मी हसले. म्हणजे खरंच हसले, जरा वरच्या पट्टीत. घरात माझ्यासारखी बाई असताना लॅबवाल्याने तिकिटं काढायची? ऑफिसात दोन फोनच्या मधे मी तिकिटं काढली. बहारीन ते लिस्बन. मग यात्रेकरूंबरोबर पुढचं, रोमचं. मग रोम ते बहारीन. तिन्ही छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, पप्पांच्या हातात दिली. पप्पा फोल्डरकडे इतक्या विश्वासाने बघत होते की आजही तसला फोल्डर दिसला की मी नजर वळवते.

फातिमा छान झालं. फोटो आले. मग गुरुवारी सकाळी दहा वाजता मी ऑफिसात चहाचा पहिला घोट घेत असताना पप्पांचा फोन आला. ते लिस्बनच्या विमानतळावर होते. पप्पा कधीच घाबरत नाहीत. ते फक्त फार हळू आणि फार नीट बोलायला लागतात.

"सिल्व्हिया, इथली काउंटरवरची बाई म्हणते, आमचं तिकीट रोमहून इकडे यायचं आहे. मी तिला सांगितलं, आम्ही इकडेच आहोत."

मी संगणकावर तिकीट उघडलं. रोम ते लिस्बन. दोन माणसं. खिडकीजवळची जागा आणि तिच्या शेजारची. सगळं अगदी व्यवस्थित, फक्त उलटं.

बाकीची मंडळी सकाळच्या रोमच्या विमानाने निघाली होती आणि ते विमान भरलेलं होतं. यात्रेबरोबरचे फादर थांबायला तयार होते, पण आईंनीच त्यांना ढकलून पाठवलं. आमची सून विमानांचंच काम करते, ती बघेल, असं आई काउंटरपाशी सगळ्यांसमोर म्हणाल्या. हे मला पप्पांनी कौतुकाने सांगितलं. मला चहा कडू लागला.

मी बघायला लागले. त्या दिवशी एकाही विमानात दोन जागा नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नाही. एक रस्ता मिळाला, पण त्यात दोन ठिकाणी विमान बदलायचं होतं आणि पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार. मिस्सा त्याच सकाळी आठला. पप्पांचा गुडघा जिने चढताना आवाज करतो आणि आईंना इंग्रजी कळतं पण समोरच्याला त्यांचं कळत नाही. नेल्सनला फोन केला. त्याने फक्त श्वास घेतला. लग्नाला चौदा वर्षं झाली की नुसत्या श्वासातले शब्द ऐकू येतात.

आणि मग माझी नजर माझ्याच कामाच्या यादीवर गेली. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, उम्म मरियम, तेव्हा रोममध्ये होत्या. त्यांना त्या संध्याकाळी रोमहून जिनिव्हाला जायचं होतं आणि त्यांच्यासाठी मीच जेट ठरवलं होतं. ते जेट आदल्या दिवशी कुणाला तरी सोडून लिस्बनला उभं होतं. तिथून ते दुपारी रोमला रिकामं जाणार होतं. आठ जागांचं. रिकामं. लिस्बन ते रोम. मी तीनदा वाचलं, कारण कोणतं शहर आधी यावर माझा स्वतःवरचा विश्वास तोपर्यंत उडाला होता.

मी धावत बॉसकडे गेले आणि सगळं सांगितलं. आमचे बॉस बहारीनी, शांत माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्यापुढे टिश्यूचा डबा सरकवला आणि म्हणाले, माझ्याकडून मफी मुश्किल, काही अडचण नाही, पण ती फेरी उम्म मरियमच्या नावावर आहे. विचारायचं तर तिलाच, आणि तेही तूच.

आता उम्म मरियम कोण, हे सांगायला हवं. पंचाहत्तरीच्या बाई. मुहर्रकच्या जुन्या घराण्यातल्या. नाक इतकं तिखट की एकदा केबिनमध्ये लिलीच्या फुलांचा वास येतो म्हणून त्यांनी अख्खं जेट परत पाठवलं होतं. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नव्हतं आणि त्यांचा फोन आला की मी खुर्चीवरून उठून बोलायचे. जुन्या बहारीनी माणसांसारखं त्यांना मोडकं हिंदी येतं. मी फोन लावला, उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी, उद्याची मिस्सा, पन्नास वर्षं, मोतिया साडी. साडीचं का सांगितलं कुणास ठाऊक.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हारा अम्मा?"

"नहीं मॅडम. सास."

"सास?" त्यांनी खात्री करून घेतली. "यल्ला, जल्दी भेजो. अम्मा होता तो माफ करता."

मी खुर्चीत बसले आणि रडले. पण फार वेळ नाही, कारण अजून कागद करायचे होते. विमानाच्या कंपनीला पासपोर्ट पाठवले, प्रवाशांचा अर्ज भरला, कोणता रकाना आधी ते बॉसकडून तपासून घेतलं. फक्त एक गोष्ट करायची राहिली. आई-पप्पांना नीट समजावून सांगायची. मी पप्पांना एवढंच म्हणाले की तिथेच बसा, तुम्हाला न्यायला माणसं येतील.

माणसं आली. काळे सूट घातलेली, दोन. पासपोर्टवरचे फोटो पाहून त्यांनी दोघांना ओळखलं, सामान उचललं आणि अतिशय अदबीने चला म्हणाले. पप्पांचा फोन आला. यावेळी ते इतकं हळू बोलत होते की मला आवाज वाढवावा लागला. आम्हाला काळ्या गाडीत बसवलंय, गाडी विमानतळाच्या आतच कुठेतरी निघालीय, आई जपमाळ म्हणतेय आणि चुकीचं तिकीट बाळगणं हा इकडे गुन्हा आहे का, तेवढं विचारून सांग, असं त्यांचं म्हणणं होतं. मागून आईंचा आवाज येत होता. त्या सूटवाल्यांना मराठीत समजावत होत्या की तिकीट सुनेने काढलंय.

मी पप्पांना सांगितलं की तुम्ही आमच्या एका गिऱ्हाईक बाईंच्या खासगी जेटने जाताय. ते म्हणाले, बरं. जेटपर्यंत पोचल्यावर त्यांनी फोन आईंकडे दिला. आईंनी विचारलं, बाकीची माणसं कुठायत? मी म्हटलं, आई, बाकीचं कुणी नाही, हे तुमच्या दोघांसाठीच आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "मग हे दोघे पायलट जेवलेत का?"

इथे मला सावध व्हायला हवं होतं. पण मी तेव्हा देवाचे आभार मानण्यात गुंतले होते.

जेट उडालं. मी शावरमा मागवला, खाल्ला, बॉसना थँक्यू म्हटलं, नेल्सनला कळवलं. त्याने या वेळी खराखुरा शब्द उच्चारला, "वा." शाळेतून आलेल्या आमच्या लेकीने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं, "ममा, हाऊ कम यू नेव्हर मेक मिस्टेक्स फॉर मी?"

संध्याकाळी सहाला विमान रोमला उतरल्याचं कळलं. त्यापाठोपाठ जेटवरच्या एअर होस्टेसचा निरोप आला. प्रवासी आनंदात उतरले. निघताना ज्येष्ठ बाईंनी सर्वांना आशीर्वाद दिला. मात्र केबिनमध्ये एक वास आहे. उगम कळला, उपाय कळलेला नाही. सोबत फोटो.

फोटोत काचेची बरणी होती. मी ती बरणी ओळखली. माझ्याच स्वयंपाकघरातली. आईंनी बुसैतीनला घातलेलं सुक्या बोंबलाचं लोणचं, यात्रेत तोंडाला चव राहावी म्हणून नेलेलं. नेहमीच्या विमानात ते सामानाबरोबर विमानाच्या पोटात गेलं असतं. इथे बॅग पायाशी, समोर उपाशी दिसणारे दोन पायलट, आणि आई. त्यांनी बरणी उघडली होती. पावाबरोबर वाढलं होतं. पायलटांनी नको म्हणण्याची पुरेशी हिंमत दाखवली नसावी. आणि उतरताना उरलेलं लोणचं आई 'विमानवाल्या बाईंसाठी' म्हणून तिथेच ठेवून गेल्या होत्या.

दोन तासांत त्या केबिनमध्ये उम्म मरियम बसणार होत्या. लिलीची फुलं न चालणाऱ्या.

मी एअर होस्टेसला फोन करून दारं उघडी ठेवायला सांगितलं. कॉफी उकळा, लिंबं कापा, गाद्या पुसा. तिने सगळं केलं. मग लिहिलं की आता कॉफी, लिंबू आणि मासे असा वास येतोय. बॉस घरी निघाले होते. माझं तोंड पाहून परत बसले. आम्ही दोघं फोनकडे बघत राहिलो. अकरा वर्षांची नोकरी एका बरणीत संपत होती आणि झाकणसुद्धा माझ्याच घरचं होतं.

फोन वाजला. मी उभी राहिले. बॉसही उभे राहिले.

उम्म मरियमनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. हे काय आहे, म्हणून विचारलं. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं. "मेरी अम्मा का घर का खुशबू," त्या म्हणाल्या. "महयावा जैसा."

महयावा म्हणजे इथली माशांची आंबवलेली चटणी. जुन्या बहारीनी घरांत पावावर लावून खातात. त्यांची आई मुहर्रकच्या घरात ती गच्चीवर उन्हात मुरवायची. सगळी मुलं नाक धरून पळायची आणि जेवताना परत यायची. ती आई गेल्यापासून तसला वास कुठे आला नव्हता, असं त्या म्हणाल्या. नोकर-चाकर बाटलीतला महयावा आणतात, त्यात काही नसतं. मग चमचा बरणीला लागल्याचा आवाज आला. तुझ्या सासूला सलाम सांग, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. बॉस खाली बसले आणि आता त्यांनी स्वतःसाठी टिश्यू घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठची मिस्सा वेळेवर झाली. फादरनी फोनवर आम्हाला दाखवली. आईंची साडी सुरकुतली होती. पप्पा वचनाचे शब्द विसरले आणि आईंनी ते त्यांना हळूच सांगितले. नेल्सन शेजारी बसून डोळे पुसत होता आणि त्याने माझा हात धरला होता, म्हणजे मलाही माफी मिळाली असावी.

आठवड्याने ती दोघं परत आली. आईंनी माझ्या चुकीचा विषयच काढला नाही, आणि तेच मला सहन होईना. शेवटी भाजी निवडताना मीच काढला. आई, माझ्यामुळे तुम्हाला केवढा त्रास झाला, म्हणाले, आणि रडू आलं.

आई मेथीची काडी मोडत म्हणाल्या की पन्नास वर्षांत जिथे जिथे प्रवास केला तिथे खिडकी ह्यांनी घेतली. ह्यांना बाहेर बघायला आवडतं, म्हणून मी कधी मागितली नाही. त्या विमानात मात्र प्रत्येकच जागेला खिडकी होती. "मी ढग पाहिले, सिल्व्हिया. खालचा समुद्र पाहिला. पहिल्यांदा कुणाच्या डोक्याच्या मागून नाही. तुझ्यामुळे."

मी डोळे पुसले. एवढा मोठेपणा मला झेपेना. म्हटलं, आई, पुढच्या वर्षी लूर्दच्या यात्रेला जा तुम्ही दोघं, तिकिटं मीच काढते, अगदी नीट.

"नको नको," आई म्हणाल्या, "नेल्सन काढेल."

सासूबाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत आणि ते मी जन्मभर विसरणार नाही. फक्त ते 'नको' त्यांनी जरा विचार केल्यासारखं करून म्हणायला हवं होतं.